आजोबांचा मोबाईल बोलता कसा करावा

घरच्या म्हाताऱ्या माणसाला दिसत नसलं तरी हाती स्मार्टफोन दिला की पोरं मोकळी. मग फोन वाजला की अंगणातून हाक येते, "पोट्टेहो, पाहा बरं कोनाचा हाय!"

अँड्रॉइड फोनमध्ये पडदा वाचून दाखवणारा टॉकबॅक बहुधा आधीपासूनच असतो. पण तो लगेच सुरू करू नका. आधी सेटिंगमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच (लिहिलेलं बोलून दाखवण्याची सोय) शोधून भाषा मराठी करा, बोलण्याचा वेग कमी ठेवा. मराठी आवाज डाउनलोड करावा लागतो. गावात रेंज नसेल, तर बाजाराच्या दिवशी तालुक्यालाच ते उरकून घ्या.

मग नावं. इंग्रजी अक्षरांत सेव्ह केलेला 'संजू भाचा' तो आवाज असा काही उच्चारतो, की खुद्द संजूलाही ओळखू येऊ नये. रोजची आठ-दहा नावं देवनागरीत टाका.

आता सेटिंगमधल्याच ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक सुरू करा. इथे घरचेच गांगरतात, कारण फोनची रीतच बदलते. एकदा बोट लावलं की तो फक्त वाचतो; उघडायला पटापट दोनदा टॅप करायचं. बोट उजवीकडे सरकवलं की पुढचं नाव, डावीकडे मागचं. पान वर-खाली करायला दोन बोटं. शॉर्टकट चालू केला असेल, तर आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद एकत्र दाबली की टॉकबॅक बंद होतो. हे घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, नाहीतर नातू फोन घेऊन थेट दुकानात जाईल.

पहिले काही दिवस फक्त फोन उचलणं आणि लावणं. कॉल तोडायला पॉवर बटण नेमून देता येतं. पडद्यावरचं लाल चिन्ह शोधण्यापेक्षा ते बरं. कापूस वेचून बोटं खरबरीत झाली असतील तर पडदा दाद देत नाही. ओल्या फडक्याने बोट पुसून जरा आडवं टेकवा.

चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, जमा झाल्याचा मेसेज आता स्वतःच ऐकता येतो. मात्र पिन टाकताना कानात इअरफोन हवाच. तो आकडा चारचौघांत ऐकू जायला नको.

दिसतं पण वाचता येत नाही, अशांना टॉकबॅक उगाच जड जातो. त्यांच्यासाठी नावापुढे फोटो लावा आणि "संजूला फोन लाव" असं माइकवर बोलायला शिकवा. कुणाला बटणाचाच फोन हवा असेल, तर हट्ट नको: पाचच्या बटणावरचा उंचवटा बोटाला लागतो, आणि बऱ्याच फोनमध्ये दोनचं बटण दाबून धरलं की ठरवलेला नंबर लागतो. शेतीवाल्यांसाठी एका बटणावर शेतीचा सल्ला देणाऱ्या सरकारी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ टाका. सकाळी ६ ते रात्री १० मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.