जुन्या स्पोर्ट्स कारला टायर घेताय? आधी रिम मोजा

एमजी बी, स्पिटफायर किंवा साठ-सत्तरच्या दशकातली तसलीच दोन सीटची गाडी ज्यांच्या शेडमध्ये आहे, त्यांना बेळगावात टायर मिळत नाहीत असं नाही. ढिगाने मिळतात, आणि खरी अडचण तीच आहे. दुकानदार फक्त इंच बघतो. चौदा इंची चाक ना, मग रॅकवरून चौदा इंची टायर काढतो आणि म्हणतो, "साहेब, हेच घाला की. रुंद हाय, ग्रिप एक नंबर." रुंद टायर म्हणजे सुरक्षित टायर, ही समजूत नव्या गाडीला कदाचित चालून जाते. जुन्या गाडीला ती धोक्याची आहे. निपाणीचा कारवाला, गोव्याहून येणारा पाहुणा, इंटरनेटवरचा तज्ज्ञ, सगळे हाच सल्ला देतात, म्हणून शेवटी लिहायला बसलो.

जॅक कुठे लावायचा, चाक कसं काढायचं हे तुम्हाला येतंच.

आधी जुन्या टायरचं वय

कायद्याने कारच्या टायरला १.६ मिलिमीटर नक्षी असली की पुरते. पण या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी आणि रबर लाकडासारखं, अशी गत असते. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डीओटी या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे बघा. ३४१८ म्हणजे २०१८ सालचा चौतिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे, त्याच्यावर गाडी शेडबाहेर ढकला, चालवू नका. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आतली निघते, तेव्हा बॅटरी घेऊन गाडीखाली आडवं व्हायची तयारी ठेवा. मग नक्षीच्या खाचेत अंगठ्याची नखं घालून रबर दोन्हीकडे ताणा. तळाशी केसाएवढ्या बारीक रेघा उघडल्या की विषय संपला. मिशलॅनसारखी कंपनी दहा वर्षांनी टायर काढाच म्हणते. माझी हद्द सात वर्षं. आपल्याकडे गाडी पावसाळाभर एकाच जागी, एकाच ठिपक्यावर वजन देऊन उभी असते. स्टेपनीलाही हाच नियम, आणि स्टेपनीच सगळ्यात म्हातारी असते.

रिसोल केलेला, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर या गाडीला नको. त्यावर चर्चाही नको.

माप: इथेच सगळे अडकतात

मलाही हा भाग समजायला बराच काळ गेला, कारण गाडीच्या पुस्तकात एक भाषा असते आणि दुकानात दुसरी. पुस्तकात ५.६०-१४ असं लिहिलेलं असतं. हे क्रॉसप्लायचं, म्हणजे आतले धागे तिरपे एकमेकांवर टाकलेल्या जुन्या पद्धतीच्या टायरचं माप, पहिला आकडा रुंदीचा आणि इंचातला. नंतरच्या पुस्तकात १६५ आर १४ येतं. ते रेडियल, म्हणजे धागे सरळ आडवे टाकलेला नंतरचा टायर. रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि साइडवॉलच्या उंचीचा आकडा गायब. दुकानात १६५/८०, १७५/६५, १८५/६५ अशी मापं. मधला जो आकडा जुन्या मापात लिहिलेला नाही तो शून्य नसतो. जुन्या रेडियलची उंची रुंदीच्या साधारण ८० ते ८२ टक्के असते. एवढं कळलं की अर्धं गणित सुटलं.

आता कागदावर मांडा. १६५ च्या ८० टक्के म्हणजे १३२. दोन्ही बाजूंचे मिळून २६४, त्यात चौदा इंचाचे ३५५.६ मिळवा. चाकाची पूर्ण उंची ६२० मिलिमीटरच्या आसपास आली. १७५/६५ आर १४ चं तेच गणित केलं तर ५८३ येतं. म्हणजे टायर रुंद झाला आणि चाक ३७ मिलिमीटरने बुटकं झालं. गाडी १८ मिलिमीटर खाली बसली. खऱ्या ८० च्या वेगाला स्पीडोमीटर ८५ दाखवणार, हे एक वेळ चालेल. पण मुळात जमिनीला लागून चालणारी गाडी, तिची सायलेन्सरची नळी जांबोटी रस्त्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात बोलायला लागते.

आणि हे तर सोपं गणित. खरी मेख रिमच्या रुंदीत आहे, आणि ती कुठलाच दुकानदार विचारत नाही. एमजी बीच्या सुरुवातीच्या पत्र्याच्या डिस्क-चाकांच्या रिम चार इंच रुंद होत्या, तारांची चाकं साडेचार इंची. १७५/६५ आणि १८५/६५ या टायरना कमीत कमी पाच इंची रिम लागते. १६५/८० मात्र चार ते साडेपाच इंचाच्या रिमवर बसतो. रुंद टायर अरुंद रिमवर चढतो, हवा भरली की फट्कन बसतोही, म्हणून दुकानदार म्हणतो "बसलंय की ओ!" पण दोन्ही बीड, म्हणजे टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडा, आत ओढले गेल्यामुळे टायरचं पोट फुगतं आणि नक्षी मधोमध तेवढी रस्त्याला टेकते. पैसे रुंदीचे दिलेत, टेकतोय मात्र मधला पट्टा. वळणावर साइडवॉल डोलतो, स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग वळते. चोर्ला घाटात हा क्षणभर फार महाग पडतो. त्यातून बऱ्याच जुन्या रिमना बीड अडवणारा आतला उंचवटाच नसतो. हवा कमी असताना जोरात वळवलं तर बीड जागा सोडू शकतो.

तेव्हा रिम स्वतः मोजा. बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत नाही, ते माप सुमारे इंचभर जास्त येतं. टायर काढून, बीड जिथे टेकतो त्या दोन आतल्या कडांमधलं अंतर घ्यायचं. डिस्कवर कुठेतरी ४ जे किंवा ४½ जे असं ठोकलेलं सापडतं, त्यातला आकडा रुंदीचा, इंचात. तारांच्या चाकावर बहुधा सापडत नाही. हातात साधन नसेल तर उद्यमबागेतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे चाक घेऊन जा, मोठा कॅलिपर त्याच्याकडे असतो आणि दोन मिनिटांचं काम आहे.

इतकं करून एमजी बीवाल्याच्या हाती काय येतं? १६५/८० आर १४. म्हणजे साध्या डिझायरचा टायर, बेळगावातच काय, चिकोडीतही मिळेल. जुन्या गाडीला परदेशी टायरच लागतो म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. स्पिटफायरचंही तसंच. तिचं मूळ माप ५.२०-१३, रेडियलमध्ये १४५ आर १३, आणि १४५/८० आर १३ वॅगनआरला येत होता. (स्पिटफायरची चासी म्हणजे त्याच कंपनीच्या हेराल्ड गाडीचीच, कापून आखूड केलेली. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या स्टँडर्ड हेराल्डवाल्यांनाही हेच माप कामाला येतं.) सुरुवातीच्या स्पिटफायरला मागे रुंद, चिकट टायर घालायचा मोह तर अजिबात नको. तिचा मागचा अॅक्सल असा आहे की वळणावर अचानक अॅक्सिलरेटर सोडला तर चाक आत दुमडतं आणि गाडीचा मागचा भाग उचलला जातो. टायरची पकड जितकी जास्त तितकं ते जोरात होतं.

१८५/७० आर १४ बद्दल नेहमी विचारलं जातं. त्याला साडेचार इंची रिम चालते, उंचीही जवळची, म्हणून एमजी बीवाले घालतात. मी घालू देत नाही. मागच्या मडगार्डला आतून घासतो, बऱ्याचदा एकाच बाजूला, तारांवरचा ताण वाढतो, आणि गाडी उभ्या जागी वळवताना खांदे दुखतात.

पंधरा इंची चाकांची एमजी ए आणि एकोणीस इंची चाकांची टीसी, या एमजीच्याच आणखी जुन्या गाड्या, त्यांचं दुखणं वेगळं. टीसीचं माप ४.५०-१९. आपल्या भागात एकोणीस इंच म्हटलं की लोकांना ऊसगाडी आठवते, आणि "बैलगाडीचा बसतोय बघा" असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्या टायरवर एडीव्ही लिहिलेलं असतं, म्हणजे जनावरांनी ओढायच्या गाडीसाठी. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर ए८ असेल तर त्याची वेगाची हद्द ताशी ४० किलोमीटर. हायवेवर ट्रकच्या मागे धावायचं असेल तर हे टायर गाडीखाली नकोत. या दोन गाड्यांना परदेशी बनावटीच्या क्लासिक टायरना पर्याय नाही. पिरेली, मिशलॅन, व्रेडेस्टाइन जुन्या मापांचे टायर अजून काढतात. मात्र २०२० च्या जूनमध्ये केंद्राने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हा पैसे पाठवण्याआधी परवान्याचं काय ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

रेडियल का क्रॉसप्लाय

रेडियल. सगळ्यांना रेडियल. फक्त युद्धाच्या आसपासच्या, उंच-अरुंद चाकांच्या गाडीला क्रॉसप्लाय शोभतो आणि तिचं सस्पेन्शनही त्याच हिशेबाने बांधलेलं असतं. एका अॅक्सलवर दोन्ही प्रकार मिसळायचे नाहीत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय, हे तर कधीच नाही. पुढची चाकं धरून ठेवतात, मागची सुटतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरते. पाचही एकदम घ्या.

वजन आणि वेगाचा आकडा

मापाच्या पुढे ८५ टी असं काहीतरी असतं. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, टी म्हणजे १९० चा वेग. एमजी बी भरून निघाली तरी एवढं पुष्कळ. स्पिटफायरला ७५ एस, म्हणजे ३८७ किलो आणि १८०. एस च्या खाली उतरू नका. एच किंवा व्ही शोधत हिंडायची गरज नाही. व्हॅनचा एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला टायर मजबूत म्हणून देतील, तो घेऊ नका. त्याचा साइडवॉल एवढा कडक असतो की हलकी गाडी त्याला दाबूच शकत नाही, आणि पावसात ब्रेक दाबला की ती घसरत जाते.

दुकानात

आयएसआय शिक्का बघा, तारीख सहा महिन्यांच्या आतली मागा, पाचही टायर एकाच मॉडेलचे घ्या.

तारांच्या चाकावर चढवताना

तारांच्या चाकाला ट्यूब लागतेच, टायरवर ट्यूबलेस लिहिलं असलं तरी. प्रत्येक तारेच्या निपलमधून, म्हणजे तार रिमला आवळणाऱ्या नटमधून, हवा गळते. इथे चार गोष्टी तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला हव्यात. एक, निपलची टोकं रिमच्या आत वर आलेली असतील तर घासून सपाट करणं, त्यावर रिम टेप. दोन, नव्या टायरच्या आत चिकटवलेला कागदी स्टिकर सोलून काढणं. हसू नका. ट्यूब त्या कागदाच्या कडेवर हजार किलोमीटर घासते आणि पंक्चर कशाने झालं ते कुणाला कळत नाही. तीन, व्हॉल्वचं भोक. टीआर १३ व्हॉल्वला साडेअकरा मिलिमीटरचं भोक लागतं, टीआर १५ ला सोळाचं. सोळाच्या भोकात टीआर १३ घातला तर तो डुलतो आणि मुळाशी कापला जातो. चार, आत टाल्कम पावडर, आणि थोडी हवा भरून, सोडून, पुन्हा भरणं, म्हणजे ट्यूबला घडी पडत नाही.

मोठ्या दुकानातलं मशीन रिमची कडा धरतं आणि क्रोम ओरबाडतं. गल्लीतला हाताने टायर काढणारा म्हातारा पंक्चरवाला या कामाला जास्त बरा. बॅलन्सिंगला मात्र मशीनच हवं, चिकटवायची वजनं सांगा. स्पिनर, म्हणजे चाक मधोमध आवळणारा मोठा नट, ठोकायला तांब्याचा किंवा शिशाचा हातोडा, आणि कुठल्या बाजूला सुटतो ते त्यावरच्या बाणावर बघा.

हवा

एमजी बीच्या पुस्तकात १६५ रेडियलला पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय दिलंय. मी दोन-तीन जास्त ठेवतो. पेट्रोल पंपावरचा पोरगा न विचारता ३५ भरतो, म्हणून स्वतःचा गेज बाळगा आणि सकाळी थंड टायरवर हवा बघा. नव्या टायरवर साच्यातलं निसरडं द्रव्य असतं, तेव्हा पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर, हळू. चाळीस-पन्नास किलोमीटर झाले की थांबून स्पिनर पुन्हा ठोकून घ्या. आणि काढलेले जुने टायर दुकानात ठेवून येऊ नका. साइडवॉल कटरने कापूनच द्या, नाहीतर तेच पॉलिश होऊन कुणाच्या तरी गाडीखाली जातात.