बर्डीतून महालात: नागपूर पायी बघण्याचा एक दिवस

नागपूर पायी बघायचं असेल तर काळाच्या उलट दिशेने चला. सुरुवात इंग्रजांच्या सिव्हिल लाइन्समध्ये करायची, मग बर्डी (म्हणजे सीताबर्डी), मग भोसल्यांची जुनी वस्ती महाल आणि शेवटी गोंड राजवटीतला तलाव. असं चाललं की प्रत्येक टप्प्यावर त्याआधीचं शहर सापडत जातं. सकाळी महालातून सुरुवात केली तर बाजार उघडलेला नसतो. शिवाय संग्रहालय दिवसाच्या शेवटी येतं आणि तोवर शिलालेख वाचायची ताकद उरत नाही.

एकूण चालणं सुमारे सात किलोमीटर, मध्ये मेट्रोचा एक टप्पा. सकाळी पावणेनऊला निघालात तर पाचपर्यंत आरामात होतं. दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला निवडा. मार्चच्या मध्यापासून दुपारी बाराचं ऊन सोसवत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत हा बेत करूच नका. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तो दिवस टाळा. हिवाळ्यातली खरी अडचण वेगळीच आहे. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं. त्या दिवसांत विधान भवन, झिरो माइल आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटचा सगळा भाग बॅरिकेडांनी अडवलेला असतो, रोज मोर्चे असतात. अधिवेशनाच्या तारखा आधी बघा आणि त्या काळात फक्त महालाचा टप्पा करा.

सोबत दीड लिटर पाणी, टोपी, सुट्टे पैसे आणि पटकन काढता-घालता येतील अशा चपला घ्या, कारण वाटेत देऊळ आहे. स्वच्छतागृहासाठी मेट्रो स्थानकं सोयीची पडतात. आदल्या रात्री ग्रेस, सुरेश भट आणि शरच्चंद्र मुक्तिबोध यांची एकेक कविता वाचून ठेवा. या वाटेवर साहित्याच्या खुणा दगडात फारशा नाहीत. कॉलेजच्या, चौकाच्या, सभागृहाच्या नावांत आहेत. कविता डोक्यात असली तरच त्या दिसतात.

सिव्हिल लाइन्स आणि बर्डी

मेट्रोने कस्तुरचंद पार्क स्थानकावर उतरा. आधी पोहे खा. नागपुरात पोह्यांवर हरभऱ्याची तर्री घालतात; सवय नसेल तर तर्री वेगळी मागून घ्या आणि थोडी थोडी घाला. कामठीचे सावकार सर कस्तुरचंद डागा यांचं नाव या मैदानाला आहे. मधली छत्री बघून घ्या. याच मैदानाच्या पोटातून २०१९ मध्ये खोदकाम करताना जुन्या तोफा निघाल्या होत्या.

मैदानावरून रिझर्व्ह बँक चौकाकडे आणि तिथून विधान भवनाच्या बाजूला चला. विधान भवन बाहेरूनच बघायचं. सुरक्षारक्षक फोटोला हरकत घेतील तर वाद घालू नका. १९५६ पर्यंत नागपूर हे मध्य प्रांत-वऱ्हाडाचं आणि नंतरच्या मध्य प्रदेशाचं राजधानीचं शहर होतं. राजधानी गेली, पण विदर्भ मराठी राज्यात घेण्याच्या १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं दरवर्षीचं एक अधिवेशन इथे राहिलं.

दहाच्या सुमाराला मध्यवर्ती संग्रहालयात पोहोचा. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात; स्थापना १८६३ ची. भुसा भरलेले प्राणी आणि पक्षी बघण्यात तास घालवण्यापेक्षा तो वेळ शिलालेखांना आणि गोंड संस्कृतीच्या दालनाला द्या. माळव्याच्या परमार राजांची संस्कृत पद्यातली जी मोठी प्रशस्ती (स्तुतीचा शिलालेख) अभ्यासकांमध्ये नागपूर संग्रहालयाच्या नावाने ओळखली जाते, ती इ. स. ११०४-०५ ची आहे. ती मांडलेली आहे का आणि कुठल्या दालनात, ते तिकीट काढतानाच विचारा. शिलालेख बघायची एक रीत आहे: समोरून बघू नका, बाजूला उभे राहा. तिरका उजेड पडला की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळी सुट्या होतात. फ्लॅश मारला तर उलट सगळं सपाट दिसतं. इथे एक तास पुरे.

तिथून झिरो माइल दहा-बारा मिनिटांवर आहे. बहुतेक लोक चार घोड्यांच्या पुतळ्यांसोबत फोटो काढून निघून जातात आणि खांबाशेजारचा षटकोनी चौथराही वाचत नाहीत. भारताच्या महासर्वेक्षणातला, म्हणजे इंग्रजांनी केलेल्या देशाच्या मोजणीतला, हा १९०७ चा दगड आहे. चौथऱ्याच्या बाजूंवर वेगवेगळ्या गावांची मैलांतली अंतरं कोरली आहेत: हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, छिंदवाडा ८३. समुद्रसपाटीपासूनची उंचीही आहे, १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या त्या लोकांचं काम बघायला पाच मिनिटं थांबायलाच हवं. बोटाने अक्षरं गिरवू नका, दगड झिजतो.

शेजारी गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं मेली. त्यांत बायका आणि मुलं पुष्कळ होती. झिरो माइल बघून या स्मारकाकडे पाठ फिरवणं बरोबर नाही. नावं वाचा.

आता सीताबर्डीच्या किल्ल्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त निराशा इथे पदरी पडते. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सर्वसामान्यांना तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीनच दिवशी खुला असतो. एरवी रविवारी जाऊन फाटकावर विनवण्या करून काही होत नाही. त्या तीन दिवसांपैकी एखादा साधणार असाल तर ओळखपत्र घेऊन सकाळी लवकर रांगेत लागा आणि बाकीचा कार्यक्रम त्यानंतर ठेवा. नाहीतर खालून दोन्ही टेकड्या नीट बघा, एक मोठी आणि एक लहान. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची लढाई या दोन टेकड्यांच्या अंतरावरच फिरली. अप्पासाहेब भोसल्यांच्या अरब सैनिकांनी लहान टेकडी घेतली तेव्हा मोठ्या टेकडीवरची इंग्रज फौज सरळ माऱ्यात आली. कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानातून चाल केली नसती तर निकाल वेगळा लागला असता. टेकड्या किती जवळ आहेत हे डोळ्यांनी बघितल्यावरच ही लढाई कळते, पुस्तकातून नाही.

मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर या. १८८५ चं हे कॉलेज पुढे नागपूर महाविद्यालय झालं. आज ती वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था आहे. या शहराच्या साहित्याचा विचार केला तर इतकं मोलाचं दुसरं ठिकाण नाही. वाकाटक या प्राचीन राजघराण्याचे ताम्रपट आणि शिलालेख उलगडणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी इथे संस्कृत शिकवत. ग्रेस इथे मराठी शिकवत. शरच्चंद्र मुक्तिबोधही इथेच प्राध्यापक होते. त्यांचे थोरले भाऊ गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी. तेही १९५८ मध्ये राजनांदगावला जाईपर्यंत दहा वर्षं नागपुरातच होते, काही काळ आकाशवाणीत. सख्खे भाऊ, एक मराठीत लिहितो, दुसरा हिंदीत, आणि गाव एकच. हे नागपुरातच घडू शकतं. आवारात शिरायचं तर सुट्टीचा दिवस टाळा आणि फाटकावर विचारून जा.

व्हरायटी चौकातून झाशी राणी चौकात पोहोचलात की पहिला टप्पा संपला. इथे विदर्भ साहित्य संघाचं संकुल आहे. संघाची स्थापना १९२३ ची. 'युगवाणी' हे नियतकालिक त्यांचंच. संध्याकाळी काय कार्यक्रम आहे ते फलकावर बघून ठेवा.

मेट्रोने महालात

झाशी राणी चौक स्थानकावरून प्रजापती नगरकडे जाणारी गाडी पकडा आणि थेट चितार ओळी चौकाला उतरा. सीताबर्डीला गाडी बदलायची नाही. सवयीने तिथे उतरणारे खूप जण परत जिने चढतात. ऑटोने जायचा मोह टाळा. दुपारी कॉटन मार्केटच्या भागात वाहतूक तुंबते आणि पंधरा मिनिटांची वाट पाऊण तासाची होते.

चितार ओळ म्हणजे मूर्तिकारांची वस्ती. गणेशोत्सवाच्या आधीचे काही आठवडे इथे पाय ठेवायला जागा नसते: तणस बांधलेले सांगाडे, त्यावर मातीचा पहिला जाड थर, मग बारीक मातीचा हात. ओल्या मूर्तीजवळ पिशवी सांभाळा, धक्का लागला की बोट नाहीतर कान गेलाच. फोटोआधी विचारा, मूर्तीचे डोळे रंगवायचं काम चालू असेल तर विचारूही नका, काम संपेपर्यंत थांबा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत (मोठे पुतळे) याच जुन्या वस्त्यांतून निघते आणि 'घेऊन जाय गे मारबत' च्या आरोळ्यांनी रस्ते दणाणतात. तो दिवस मारबतीचाच ठेवा, त्या गर्दीत बाकी काही बघून होत नाही.

जवळच बडकस चौक. जेवण या भागातच उरका. सावजीचं जेवण मूळ हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं. रस्सा तिखट असतो आणि तो तसाच खायचा. पहिल्यांदा खाणाऱ्याने भाकरी जास्त मागवावी, रस्सा कमी. जवळच राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं मुख्यालय आहे. संघाची स्थापना महालातच १९२५ च्या विजयादशमीला झाली. तिथे बंदोबस्त कडक असतो, कॅमेरा पिशवीत ठेवा.

केळीबाग रस्त्याने कोतवालीकडे चला. गल्ल्या अरुंद, दुचाकी दोन्ही बाजूंनी येतात, म्हणून गटात चार-पाच जणांपेक्षा जास्त नको. भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ मध्ये जळाला. मोठा दरवाजा तेवढा उरल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. आजचा भोसले वाडा हे खासगी घर आहे, आत शिरू नका. पुढे कल्याणेश्वराचं देऊळ. दुपारी गाभारा बंद असला तरी थोडा वेळ आवारात बसून घ्या, पाय मोकळे होतात.

टिळक पुतळ्यावरून गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ मध्ये शहर वसवलं, त्याचा वारस चांद सुलतानने त्याला तीन मैलांचा कोट घातला. त्या कोटाची खूण म्हणून हा दरवाजा महत्त्वाचा. मधोमध उभं राहून फोटो काढू नका, खालून अखंड वाहतूक चालू असते. पलीकडच्या फुटपाथवरून दरवाजा पूर्ण दिसतो.

दरवाज्याच्या बाहेर शुक्रवारी तलाव, आताचा गांधीसागर. तोही चांद सुलतानच्या काळातला. तलावाजवळच जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल होती, १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली. आता त्या जागी मॉल आहे. काठावरच्या विज्ञान केंद्राला चंद्रशेखर व्यंकट रामन यांचं नाव आहे; तरुण रामन १९१० मध्ये हिशेब खात्यातल्या नोकरीनिमित्त नागपुरात होते. मुलं सोबत असतील तर उरलेला वेळ इथेच जाईल. इथून कॉटन मार्केट मेट्रो स्थानक पायी पंधरा मिनिटांवर.

संध्याकाळी गाणं ऐकायचं असेल तर दोन सभागृहांचे कार्यक्रम आधी बघा. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह सुमारे दोन हजार आसनांचं आहे, गांधी गेटवरून ऑटोने जा. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला वसंतराव देशपांड्यांचं नाव आहे. ते लहानपणी इथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. दोन्हीकडे नाटकं आणि मैफली रात्री उशिरा सुटतात, तेव्हा शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते बघून ठेवा.

दीक्षाभूमी या फेरीत मुद्दाम घेतलेली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या त्या जागेला निवांत अर्धा दिवस द्यायला हवा. पुस्तकं घ्यायची असतील तर विजयादशमीच्या सुमारास, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जा. त्या दिवसांत तिथे लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांत जी पुस्तकं मिळतात, त्यांतली कितीतरी एरवी बाजारात सापडत नाहीत. रिकामी पिशवी न्या आणि रोख पैसे ठेवा, गर्दीत मोबाइलला रेंज मिळत नाही.