थंडीत वेलभाज्यांची रोपे आधी पिशवीत वाढवावीत
नाशिक-निफाडच्या पट्ट्यात जानेवारीत पहाटेचा पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली उतरतो आणि अशा गार मातीत टोकलेले कारल्याचे किंवा दोडक्याचे बी उगवण्याऐवजी बहुधा कुजते. म्हणून बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवावे आणि पांढरा मोड दिसताच, तो दुखावू न देता, माती व शेणखत भरलेल्या लहान पिशवीत लावावे. पिशव्या दिवसा उन्हात आणि रात्री घरात ठेवाव्यात. कटकटीचे असले तरी हे चुकवू नये. थंडी ओसरल्यावर, दोन-तीन खरी पाने (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन जाड दलांनंतरची पाने) आलेले रोप मुळांभोवतीची माती न फोडता दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत लावावे, कारण दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देते. पाणी सकाळीच द्यावे.