पाना हातात घेण्याआधी एक तांब्या पाणी

जुनी, उघडणाऱ्या छपराची दोन सीटची गाडी घेतलेला माणूस माझ्याकडे आला की पहिला प्रश्न ठरलेला: "मला जमेल का हो?" जमेल. बोल्ट कुठल्या बाजूला सैल होतो एवढं कळणाऱ्याला निम्मी गाडी जमते. मी त्याला उलट विचारतो, काम मधेच अडलं तर गाडी कुठे उभी राहील, आणि किती दिवस?

मी गोव्यातल्या माशेलचा. वीस वर्षं मांडवीत खनिजाच्या बार्जवर डिझेल फिटर होतो. २०१२ साली खाणी बंद झाल्या, बार्ज जेटीला लागली आणि मी घरी बसलो. गाडी त्यानंतर आली. माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीची, २००२ ची, १८०० सीसी. इंग्लंडहून परतलेल्या एका कुटुंबाने २००४ मध्ये सोबत आणली होती. माझदाने ही गाडी आपल्याकडे कधी विकली नाही. माझदा म्हटलं की लोकांना स्वराज माझदाचा टेम्पो आठवतो. थोडक्यात, शोरूम नाही, स्पेअर पार्टचं दुकान नाही, आणि मडगावपासून म्हापशापर्यंत कुठलाही मेकॅनिक ही गाडी आयुष्यात पहिल्यांदाच बघणार.

असली गाडी दारात आली की पहिल्या रविवारी पान्याला हात लावू नका. तांब्याभर पाणी घ्या. छप्पर अर्धं उघडा. सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत, सीटबेल्टच्या खांबाजवळ, छपरावरचं पाणी खाली न्यायला एकेक भोक असतं. त्यात हळू ओता आणि कुणाला तरी मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली वाकून बघायला सांगा. तिथे लगेच धार लागली पाहिजे. माझ्या उजव्या बाजूला लागली. डाव्या बाजूला काहीच नाही. बायको वाकून बसली होती, म्हणाली, "अहो, पाणी गेलं कुठे?" थोड्या वेळाने दाराखालच्या पट्टीच्या सांध्यातून थेंब पडायला लागले, कोऱ्या चहाच्या रंगाचे. पाणी त्या पोकळ पट्टीत साठत होतं. किती पावसाळे साठलं असेल कोण जाणे, आणि आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. आतून गुलमोहराच्या पाकळ्या, आंब्याचा मोहोर आणि धूळ यांचा काळा लगदा निघाला. भोक साफ करायला गवत कापायच्या यंत्राची प्लॅस्टिकची दोरी चांगली. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी सांध्यातून निसटते.

मग ठोकून बघायचं. बार्जवर आम्ही चिपिंग हॅमरने प्लेट वाजवत जायचो. कान तयार झाला की गंज किती खोल आहे ते आवाजावर कळतं. इथे स्क्रूड्रायव्हरची मूठ पुरे. चांगला पत्रा ठण वाजतो. कुजलेला ठप्प वाजतो, ओल्या खोक्यासारखा. दाराखालच्या पट्टीचं मागचं टोक नीट वाजवा, कारण या गाडीत कूज तिथेच धरते आणि बाजूने जॅक लावायची मागची जागाही तीच. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. मी जॅक लावला, दांडा मारत गेलो, जॅक वर चढत होता आणि गाडी जागची हलेना. कुरमुरे चावल्यासारखा आवाज आला. पत्रा जॅकवर बसला होता. तेव्हापासून ट्रॉली जॅक पुढे मधल्या क्रॉसमेंबरखाली (इंजिनाखालचा आडवा लोखंडी तुळवा) आणि मागे डिफरेन्शियलखाली (दोन मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा) लावतो. आणि ज्याच्याकडे उचललेली गाडी टेकवायला दोन जॅक स्टँड नाहीत त्याने गाडीखाली जायचा विषयच काढू नये.

पट्टीचं काम मी बाहेर दिलं. लोकांना नवल वाटलं, कारण वेल्डिंग मला येतं. पण बार्जची प्लेट सहा-आठ मिलिमीटरची, हा पत्रा मिलिमीटरभरही नाही. त्याला आर्क लावला तर सांधायच्या जागी भोक पडतं. इथे मिग, म्हणजे बारीक तारेचं, गॅसच्या आवरणातलं वेल्डिंग लागतं आणि पातळ पत्र्याची सवय असलेला हात लागतो. फोंड्यात तसा एक जण आहे. त्याने गाडी बघितली आणि म्हणाला, "मिस्त्री, आधी सीट काढ, कार्पेट काढ, बॅटरीची वायर सोड, मग ये." पेट्रोलची टाकी सीटच्या मागेच असते, त्यामुळे त्याचं बरोबर होतं. ते सगळं मी घरी केलं, वेल्डिंग त्याने केलं, गंज अडवायला आतून मेण मारणं पुन्हा मी केलं. डाव्या बाजूचे चौदा हजार झाले. एकच काम असं दोघांत वाटता येतं हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. सगळं स्वतः तरी करतात नाहीतर चावी गॅरेजात देऊन मोकळे होतात.

क्लचचं काम मात्र पूर्ण माझं, आणि त्यातच मी हात पोळून घेतले. बाणस्तारीच्या पुलाजवळ पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून स्टार्टर मारला आणि तशीच घरी आणली. या गाड्यांत गिअरबॉक्सच्या बाजूचा छोटा क्लच सिलिंडर, जो पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेतो, तो गळतो, हा तिचा प्रसिद्धच रोग. दोन बोल्ट आणि एक नळी, एवढंच काम. आता जुन्या फिटरचा स्वभाव असा की अख्खा सिलिंडर कशाला, आतलं रबर बदलू. मापाचं रबर पणजीत शोधून घातलं, ब्लीड करून हवा काढली, पेडल कडक. तीन आठवड्यांनी पुन्हा जमिनीला. सिलिंडर उघडून टॉर्चच्या उजेडात धरला तेव्हा आतल्या भिंतीवर मोहरीएवढे खड्डे दिसले. क्लचच्या सिलिंडरातही ब्रेक ऑइलच असतं; ते हवेतलं पाणी ओढतं, पाण्याने आत गंज धरतो, आणि खड्ड्यावरून रबर कितीही नवीन फिरवा, ते फाटणारच. आधी नखाने चाचपलं असतं तरी कळलं असतं. आमच्या दमट हवेत मी आता हे ऑइल (डॉट ४ प्रकारचं) दर दोन वर्षांनी बदलतो, ब्रेकचं आणि क्लचचं दोन्ही.

नवा सिलिंडर शेजाऱ्याच्या मुलाने इंग्लंडातल्या स्विंडनहून बॅगेतून आणला, पण तो येणार होता चवथीला. जुलैपासून तोवर गाडी उभी. इथे माझा सुरुवातीचा प्रश्न येतो. माझ्याकडे जुनी गोठ्याची जागा आहे, वर पत्रा, खाली सिमेंट. भाड्याच्या फ्लॅटमध्ये, सोसायटीच्या पार्किंगात, चाकं काढलेली गाडी दोन महिने ठेवून बघा, सेक्रेटरी दारात येतो. उघड्यावर ताडपत्री घालून ठेवली तर आणखी वाईट, खालून वाफ धरते आणि महिन्यात सीटना बुरशी येते. तेव्हा कोरडी जागा नसेल तर स्वतः करायची कामं एका दिवसात मिटणारी घ्या: तेल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, बॅटरी. बॅटरी हिच्या डिकीत असते, पुढे शोधू नका. आणि पार्ट हातात आल्याशिवाय जुना सोडू नका. मी सोडला होता, रबराच्या भरवशावर.

ब्रेक पॅड स्वतः बदला म्हणतो, पण ब्रेकची लोखंडी नळी कुजली असेल तर थांबा. नळीचं तोंड फुलवणं सोपं दिसतं, आणि चूक झाली तर ती अंगणात कळत नाही, उतारावर कळते. क्लच फसला तेव्हा मी ढकलत का होईना घरी पोचलो असतो. कुठलं काम अंगावर घ्यायचं ते मी या एकाच हिशेबाने ठरवतो. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा, कंपनी लाखभर किलोमीटरला बदलायला सांगते. वीस वर्षांच्या गाडीत किलोमीटर न बघता बदला. ते मी स्वतः केलं. बेल्टच्या चाकांवरच्या जुळवायच्या खुणा पांढऱ्या रंगाने रंगवल्या, मोबाइलवर फोटो काढले, आणि बेल्ट चढवल्यावर इंजिन पान्याने हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का बघितलं. अडलं असतं तर जोर न लावता थांबायचं, इतकंच.

आता पैशाचं, जे सगळे शेवटी बघतात. गाडी आयात केलेली असेल तर पार्टची यादी करण्याआधी आरसी काढून नोंदणी कधी संपते ती तारीख बघा. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या आयात चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ४०,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती ८०,००० केली. आपल्या साध्या गाडीला तेच १०,०००. माझी २०२४ मध्ये चाळीस हजारांत सुटली, आता पुढचं नूतनीकरण २०२९ मध्ये. तेव्हा उजव्या बाजूची पट्टी या दिवाळीनंतर करायची की २०२८ पर्यंत ओढायची, यावर आमच्या घरी सध्या चर्चा चालू आहे. काल पुन्हा वाजवून बघितली. अजून ठण वाजते, फक्त मागच्या वीतभर जागेत आवाज जरा बसका येतो. तिथे खडूने गोल करून ठेवलाय.