नागपूरच्या उन्हाळ्यात नोकरी, अभ्यास आणि थंड शहराचे स्वप्न

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा दिवसभर नोकरी करून मुक्त विद्यापीठाच्या पदवीचा अभ्यास करणाऱ्यांनी रात्रीच्या जागरणावर भिस्त ठेवू नये. गच्ची आणि भिंती उशिरापर्यंत तापलेल्या राहतात, म्हणून पहाटे साडेचार ते साडेसहा हे दोन तास अवघड विषयांसाठी राखून ठेवावेत. कूलर लावताना समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवावी, कारण दमट हवा बाहेर पडली नाही तर खोलीत गारवा येत नाही, वहीची पाने तेवढी मऊ पडतात. (कूलरला वाळ्याच्या ताट्या असतील, तर त्यांचा सुगंध हा वरचा नफा.) दुपारी डोक्याला दुपट्टा बांधूनच बाहेर पडावे.

बंगळुरूला जाण्याचे स्वप्न अवश्य पाहावे. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर असल्याने तेथील उन्हाळा बराच सौम्य असतो. मात्र राजीनामा देण्यापूर्वी तेथील खोलीभाडे, अनेक महिन्यांच्या भाड्याइतकी मागितली जाणारी अनामत रक्कम आणि हातात येणारा पगार एका कागदावर मांडावा, आणि शक्य असल्यास एप्रिलमध्येच आठवडाभर राहून यावे, कारण डिसेंबरात पाहिलेले कोणतेही गाव थंडच वाटते. अंतिम वर्षाची परीक्षा जवळ असेल, तर राजीनामा किंवा बदलीचा अर्ज निकालानंतरच द्यावा.