स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजी सर्वनामं कशी शिकवावीत

टेक्सासात राहून शेजारपाजारच्या मेक्सिकन कुटुंबांना इंग्रजी शिकवणारी किंवा पुण्यात बसून कोलंबियातल्या विद्यार्थ्यांचे ऑनलाइन वर्ग घेणारी जी मराठी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सर्वनामांचा धडा ‘ही-हिम-हिज, शी-हर-हर्स’ अशा तक्त्यानं सुरू करू नका. प्रौढ विद्यार्थ्याला तो तक्ता बहुतेक वेळा पाठ असतो, आणि तरीही पुढच्याच मिनिटाला तो ‘इज रेनिंग’ म्हणतो. त्याला शब्द येत असतो. स्पॅनिशमध्ये त्या जागी शब्दच लागत नाही, किंवा तिथला शब्द भलतीकडे बोट दाखवतो, म्हणून तो चुकतो. शिकवायची असते ती जागा.

पहिली पायरी, रिकामी जागा दाखवणं. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’ म्हटलं की ‘मी बोलतो’ एवढं सगळं आलं. कर्ता क्रियापदाच्या शेपटात असतो. आपणही ‘येतो हं’ म्हणून निघतो, ‘मी’ म्हणत नाही, त्यामुळे हे आपल्याला चटकन कळतं. पाऊस पडतोय हे सांगायला त्यांना ‘युएबे’ एवढं एक क्रियापद पुरतं, आणि ‘महत्त्वाचं आहे’ याला ‘एस इम्पोर्तान्ते’. म्हणून इंग्रजीत ‘इज इम्पॉर्टंट’ येतं. विद्यार्थ्यानंच लिहिलेला परिच्छेद घ्या आणि प्रत्येक क्रियापदाच्या आधी बोट ठेवायला लावा: कर्ता आहे का? नसेल तर ‘इट’ घाला. ‘इट्स रेनिंग’मधल्या ‘इट’चा अर्थ समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका. त्याला अर्थ नाही, फक्त जागा आहे. ‘कर्ता क्रियापदामागे गेला’ हा प्रकारही याच तपासणीत सापडतो: ‘केम माय ब्रदर’. आणि ‘एक अडचण आहे’ याला स्पॅनिशमध्ये ‘आय उन प्रोब्लेमा’ म्हणतात, त्याचं ‘हॅव अ प्रॉब्लेम’ होतं, तिथे ‘देअर इज’ सरळ पाठ करून घ्या.

दुसरी पायरी छोटी आहे. ‘डू यू लाइक कॉफी?’ याला उत्तर येतं ‘येस, आय लाइक’. कारण स्पॅनिश ‘मे गुस्ता’ आपल्या ‘मला आवडते’सारखंच आहे, पुढे काही लागत नाही. इंग्रजीत ‘इट’ लागतं. एवढंच.

आता खरी अवघड पायरी. इथे मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं आणि इथेच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात. स्पॅनिशमध्ये ‘सु’ हा एकच शब्द त्याचा, तिचा, त्यांचा, निर्जीव वस्तूचा आणि आदरार्थी ‘उस्तेद’बरोबर तुमचा, असे सगळे अर्थ वाहतो. यावर ठरलेला सल्ला असा: पुरुषासाठी ‘हिज’, स्त्रीसाठी ‘हर’. हा सल्ला निरुपयोगी आहे. ‘मारिया तिच्या भावाला भेटते’ या वाक्यात स्त्रीही आहे आणि पुरुषही. विद्यार्थ्यानं कुणाकडे बघायचं?

तो भावाकडे बघतो, कारण त्याच्या भाषेनं त्याला तीच सवय लावलेली असते. ‘आमचा भाऊ’ म्हणजे ‘नुएस्त्रो एर्मानो’, ‘आमची बहीण’ म्हणजे ‘नुएस्त्रा एर्माना’. शब्द पुढच्या नामाप्रमाणे बदलतो. ‘सु’सुद्धा वचनापुरता पुढच्या नामाचंच ऐकतो: एक भाऊ असेल तर ‘सु’, अनेक असतील तर ‘सुस’. म्हणून तो ‘मारिया व्हिजिट्स हिज ब्रदर’ म्हणतो. हा निष्काळजीपणा नाही, त्याच्या परीनं त्यानं नियम पाळलेला असतो. मराठी शिक्षकाला हे पटायला वेळ लागतो, कारण आपण ‘तिचा’ या एका शब्दात दोन्ही टोकं धरतो: ‘ति’मधून मालकीण कळते आणि ‘चा’मधून भाऊ. इंग्रजी फक्त मालकाचं टोक धरतं, स्पॅनिश फक्त वस्तूचं. आपल्याकडून ही चूक सहसा होतच नाही, म्हणून दुसऱ्याची समजत नाही.

एक सक्त सूचना. ‘मारिया अँड हर सिस्टर’, ‘कार्लोस अँड हिज फादर’ असली उदाहरणं वर्गात आणूच नका. मालक आणि नातलग एकाच लिंगाचे असले की चुकीच्या नियमानंही उत्तर बरोबर येतं, आणि शिकवलेलं समजलं असा तुमचा समज होतो. उदाहरण नेहमी उलट्या लिंगाचं हवं: तिचे वडील, त्याची आई, तिचा नवरा, त्याच्या मुली. पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायात दोन्ही प्रकार मिसळलेले असतील तर सरळ वाक्यं बदलून घ्या.

उपाय त्यांच्याच भाषेत आहे. ‘सु’मुळे गोंधळ व्हायला लागला की स्पॅनिश बोलणारा माणूस स्वतःहून फोड करून सांगतो: ‘एल एर्मानो दे एया’, म्हणजे भाऊ, तिचा. आधी ही फोड मोठ्यानं म्हणायला लावायची आणि मग तेवढाच तुकडा इंग्रजीत न्यायचा. ‘दे एल’ असेल तर ‘हिज’, ‘दे एया’ असेल तर ‘हर’, ‘दे एयोस’ असेल तर ‘देअर’, ‘दे उस्तेद’ असेल तर ‘युअर’. एका विद्यार्थिनीनं मोबाइलवरचा लग्नाचा फोटो दाखवत मला सांगितलं होतं, ‘धिस इज माय सिस्टर, हिज हज्बंड, हिज सन अँड हर डॉटर.’ बघा, प्रत्येक शब्द पुढच्या माणसाशी जुळवलेला. मी फक्त विचारलं, ‘दे किएन?’ कुणाचा? तिनं क्षणात ‘दे एया’ म्हटलं आणि पूर्ण ओळ सुधारून पुन्हा म्हटली. नियम सांगायची गरजच पडली नाही.

पुढचा सगळा सराव कुटुंबाच्या फोटोंवर घ्या, आणि तोंडी घ्या. लिहिताना ही चूक लवकर जाते, बोलताना महिनोन्‌महिने परत येते. त्या वेळी बाकी चुकांकडे दुर्लक्ष करा, वाक्य मध्येच तोडू नका. संपलं की ‘दे किएन?’ एवढंच विचारा. ‘उस्तेद’कडे मात्र वेगळं लक्ष ठेवा. बोगोटाकडचे लोक घरातही सर्रास ‘उस्तेद’ वापरतात. तिथला विद्यार्थी तुम्हालाच ‘हाऊ इज हिज सन?’ असं विचारत असेल, तर तो आदरानं तुमच्या मुलाची चौकशी करत असतो. तिसऱ्या कुणाचा मुलगा शोधत बसू नका.

यानंतरचं सोपं आहे. शरीराच्या अवयवांना इंग्रजीत मालक लागतो. ते ‘आय वॉश्ड द हँड्स’ म्हणतात. आपणही नुसतं ‘हात धुतले’ म्हणतो, तेव्हा तुम्हीही जपा. स्पॅनिश ‘के’ माणसाला आणि वस्तूला दोन्हींना चालतो, म्हणून ‘द वुमन विच’ ऐकू येतं. माणसाला ‘हू’, असं एकदा ठणकावून सांगा. ‘तोदो लो के’चं, म्हणजे ‘जे जे काही’चं, ‘ऑल व्हॉट’ करतात, तिथे ‘एव्हरीथिंग दॅट’ हवं.

शेवटी ‘धिस’ आणि ‘दॅट’. स्पॅनिशमध्ये ‘एस्ते, एसे, आकेल’ अशी तीन अंतरं आहेत. मागची दोन ‘दॅट’मध्ये टाकायची, विषय संपला. पण कुणी ‘धीज बुक’ म्हणालं तर लगेच व्याकरण शिकवायला धावू नका. स्पॅनिशमध्ये ‘इ’चा एकच स्वर आहे, त्यामुळे ‘धिस’ आणि ‘धीज’ त्यांच्या तोंडी सारखेच येतात. तेच वाक्य कागदावर लिहून घ्या. कागदावर बरोबर असेल तर ती उच्चाराची बाब आहे, उच्चाराच्या तासाला घ्या.