वणवे विझवणाऱ्या विमानांच्या देखभालीकडे वळणाऱ्यांसाठी

नाशिकमधून आयटीआय किंवा पदविका करून विमान-देखभालीकडे येणारी मुले वणवे विझवणाऱ्या महाकाय विमानांबद्दल विचारतात, तेव्हा त्यांचे लक्ष बहुधा आकड्यांवर असते. डीसी-10 एका खेपेत सुमारे 35,000 लिटर आग रोखणारा द्रव टाकते आणि 747 चे रूपांतरित विमान तर त्याच्या दुप्पट नेत असे, हे खरेच आहे. मात्र संरचना-तपासणीचे काम करताना माझे मत असे झाले आहे की, नवख्याने द्रवाच्या टाकीआधी पंखांचे सांधे अभ्यासावेत.

17 जून 2002 रोजी कॅलिफोर्नियातील वॉकरजवळ द्रव टाकत असतानाच, हवाई दलातून निवृत्त झालेल्या सी-130ए विमानाचे पंख तुटले आणि तिघे दगावले. फटीगमुळे (वारंवारच्या ताणाने धातू थकल्यामुळे) पडलेल्या तडा पंखाच्या खालच्या पत्र्यात, वरून बसवलेल्या डबलरखाली (मजबुतीसाठी जोडलेल्या जादा पत्र्याखाली) दडल्या होत्या. पुढच्याच महिन्यात कोलोरॅडोत पीबी4वाय-2 हे जुन्या गस्ती विमानापासून बनवलेले टँकर विमान कोसळले आणि 2004 मध्ये अमेरिकेने 33 मोठ्या टँकर विमानांचे करार रद्द केले. जमिनीलगत, आगीच्या तापलेल्या हवेचे हिसके खात, काही सेकंदांत कित्येक टन वजन सोडून विमान वर खेचायचे, हा भार मालवाहू किंवा गस्ती विमान बांधताना गृहीत धरलेला नसतो; त्यामुळे उड्डाणाचे तास थोडे दिसले, तरी झीज त्या हिशोबाने मोजता येत नाही.

शिकाऊ असताना रिव्हेटच्या छिद्राभोवती एडी करंटचा (धातूतल्या लपलेल्या तडा विद्युत-चुंबकीय पद्धतीने शोधणारा) प्रोब फिरवताना पडद्यावरची रेघ उसळली होती. भिंगाखाली मात्र तिथे फक्त गुळगुळीत रंग दिसत होता. म्हणून डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) परवान्याच्या अभ्यासाबरोबर एनडीटीचे (भाग न मोडता दोष शोधण्याच्या तपासणीचे) प्रमाणपत्र घ्यावे आणि जुन्या दुरुस्त्यांच्या नोंदी कंटाळा न करता वाचाव्यात (हे काम कोणालाच आवडत नाही). गंजाचाही अभ्यास हवा, कारण आगीपुढे पसरला जाणारा लाल द्रव मुख्यतः अमोनियम फॉस्फेटयुक्त असतो आणि पोटाखालच्या जोडांत राहिल्यास ॲल्युमिनियमला घातक ठरतो.

आपल्याकडे असे काम प्रामुख्याने हेलिकॉप्टरच करतात. एप्रिल 2024 मध्ये नैनितालच्या वणव्यावर हवाई दलाच्या एमआय-17 ने भीमताल तलावातून बादलीने पाणी नेले. त्यामुळे सुरुवात हेलिकॉप्टर किंवा मालवाहू विमानांच्या देखभालीतून करणे व्यवहार्य ठरते.